आपापला उंबरा

ता. १९ ऑगस्ट

महारुद्र,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर. आधी हे वाच. फोन केला की तुझा नंदीश उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तेही तोच वाचतो आणि खाली जोडलेले हात टाकून देतो. राज्यमंत्र्याच्या सख्ख्या बहिणीनं त्याच्या पी.ए.चे नमस्कार तरी किती घ्यायचे? म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर ओळखशील. तुझा हात धरून पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.

निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद जाड आहे, कडा सोनेरी आहे, आणि तुझा फोटो वरच्या गणपतीपेक्षा मोठा आहे. ३० सप्टेंबरला जुन्या गावात भूकंप स्मृती उद्यानाचं लोकार्पण. आपल्या घराच्या जागेवर जो दगड बसवणार, त्यावरचा मजकूरही आत छापलाय. 'याच ठिकाणी, राहत्या घराच्या ढिगाऱ्याखाली मृत्यूशी झुंज देऊन जिवंत बाहेर आलेले लोकनेते' आणि पुढं तुझं नाव.

एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. महारुद्र, त्या ढिगाऱ्याखाली मी होते. तू नव्हतास.

तू लोहाऱ्यात होतास. विसर्जनाची रात्र होती. तू मित्रांबरोबर मिरवणुकीत लेझीम खेळायला गेलास आणि कुणाच्या तरी ओसरीवर तिथंच झोपलास. बरं झालं गेलास. तुझी खाट मधल्या तुळईखाली होती आणि सगळ्यात आधी तीच तुळई आली. घरी असतास तर आज मला भांडायलाही भाऊ नसता. नव्हतास यात तुझा काही गुन्हा नाही, आणि तसं कधी कुणी म्हटलंही नाही. मी जळकोटहून गौरी-गणपतीला माहेरी आले होते. माझ्या लेकाला, वैजनाथला, सासूपाशी ठेवून आले होते म्हणून तो वाचला. घरात आई आणि मी, दोघीच.

मला बाहेर काढलं ते बौद्ध वस्तीतल्या मच्छिंद्रदादानं. त्या वस्तीतली घरं पाचटाच्या छपराची, ती पडली तरी अंगावर पाचटच पडलं. आपल्या घरावर माळवद, चांगलं हातभर मातीचं छप्पर. आबा होते तेव्हा त्याचा केवढा तोरा मिरवायचे. त्या मातीनं अर्धी गल्ली गाडली आणि ज्यांना आपण कधी घरात घेतलं नाही ती माणसं हातानं उपसत बसली. हे तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे म्हणून तर राग येतो.

आणखी एक गोष्ट त्या पत्रिकेत छापलेली नाही, ती मला सरपंचाकडून कळली. तुझ्या उद्यानाला वाहनतळ लागतो, आणि तो जुन्या वस्तीच्या जागेवर होणार. तू आमदार झाल्यापासून तीस सप्टेंबरला गावात आला नाहीस, म्हणून आठवण करून देते. त्या दिवशी नव्या गावठाणातून सगळं गाव जुन्या गावात जातं. भिंतींचे दगड लोकांनी केव्हाच गाडीत भरून नेले, पण उंबरा कुणी हलवला नाही. बोरी-बाभळीत ज्याचा त्याचा उंबरा जागेवर आहे. ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्यावर बसायचं, भाकरी खायची, एक घास आतल्या बाजूला ठेवायचा आणि उठून यायचं. पुजारी नाही, माईक नाही. वस्तीतलं त्या रात्री कुणी गेलं नाही, तरी तेही येऊन आपल्या साध्या दगडांवर बसतात. आपल्या गल्लीतल्या मेलेल्यांसाठी बसतात, महारुद्र.

तर माझी मागणी एवढीच. दगडावरून ती ओळ काढ. आणि वस्तीच्या उंबऱ्यांवर गाड्या लावू नकोस. दुसरीकडं माळ काय कमी पडलाय?

अक्का

ता. ५ सप्टेंबर

महारुद्र,

पत्राला उत्तर म्हणून इरकल आलं. हिरवं, लाल काठाचं, भारीतलं. नंदीश स्वतः घेऊन आला, पाया पडला, चहा घेतला. साहेबांचा निरोप असा, की अक्कानं हे नेसून स्टेजवर पुढच्या खुर्चीत बसायचं, बोलायचं काही नाही, आणि जे चाललंय ते गावाच्या भल्याचंच आहे. मी विचारलं, ओळ निघाली का? तो म्हणाला, दगड कोरून झालाय आता. मी विचारलं, वाहनतळ? तो म्हणाला, ते इंजिनिअरचं काम आहे. हसत हसत बोलला. तुझ्याच तालमीतला आहे.

ही थाप तू पहिल्यांदा कधी मारलीस ते मला पक्कं आठवतं. पंचायत समितीची निवडणूक होती, सास्तूरच्या चौकात सभा होती. पोटावर हात ठेवून तू म्हणालास, या देहावर माती पडली होती, या मातीचं ऋण मी विसरणार नाही. आपल्या गावचे लोक मागं उभे होते. सगळे एकमेकांकडं बघून गालात हसले. परत येताना जीपमध्ये तर खो खो हसले. थापाड्या आहे, पण आपला आहे, असं म्हणाले. मीही हसले असेन. कुणीच तुला अडवलं नाही, कारण त्या थापेच्या मागून डांबरी रस्ता आला, एसटी आली. आम्हाला वाटलं, थापेनं कुणाचं काय जातं?

काय गेलं ते आता सांगते.

आधी तू थोडं खोटं बोलायचास आणि काम थोडं खरं करायचास. मग तुझ्या ध्यानात आलं की कामाची गरजच नाही, बोललं की पुरतं. दवाखान्याचं उद्घाटन केलंस, आत खाट नव्हती. फीत मात्र होती. पुलाच्या कोनशिलेवर तुझं नाव आहे, पूल ओढ्यानं नेला आणि कोनशिला तेवढी राहिली. लोकांनी बघितलं की माणूस असा वागतो आणि वर चढतो. मग सरपंच कोरड्या नळाखाली घागर ठेवून फोटो काढू लागला, त्यात आधी टँकरचं पाणी भरून. भूकंपानंतर जन्मलेली पोरं भूकंपातून वाचल्याच्या गोष्टी सांगत फिरू लागली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तुझ्या आडात जे साचलं ते घरोघरच्या पोहऱ्यात आलं. पुढारी जसा असतो तसं हळूहळू गाव होतं. राज्याचं आणि देशाचं वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. तिथंही कुणीतरी पहिली थाप मारली असेल आणि लोक गालात हसले असतील.

तुझे निर्णय पण तसेच. नवं गाव वसवताना तू समितीत होतास. आखणी करणारे साहेब म्हणत होते, चिठ्ठ्या टाकून घरं द्या, शेजार कुणाचाही येऊ दे. माती उपसताना तुटलेली मच्छिंद्रदादाची नखं तेव्हा अजून परत आली नव्हती. आणि तू उठून म्हणालास, जुनी रीत मोडायला नको, वस्ती ओढ्याकडंच बरी. तेवढ्या एका वाक्यानं आजपर्यंत त्यांच्याकडं पाणी शेवटी जातं आणि पुराचं पाणी आधी जातं. तुला ते वाक्य आठवतही नसेल.

आता घरातलं ऐक. आपली समृद्धी, वैजनाथची मुलगी, नववीत आहे. तिला वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिला नंबर मिळाला. विषय होता 'माझे प्रेरणास्थान'. घरी येऊन तिनं मला भाषण म्हणून दाखवलं. काय सुरेख म्हणते पोरगी. तू ढिगाऱ्याखाली कसा होतास, अंधारात तुला आईचा हात कसा लागला, सगळं. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि तिला वाटलं भाषण चांगलं झालं. मी तिला जवळ बसवून सांगितलं, बाळ, ते मामा-आजोबा नव्हते, मी होते. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मला ठाऊक हाय की आज्जी. पण तुझं सांगितलं तर नंबर येत न्हाय."

नऊवारीचा पदर तोंडाला लावून मी परसात जाऊन बसले. चौदा वर्षांची पोर आहे ती. हे तिला कुणी शिकवलं नाही, महारुद्र. तिनं ते हवेतून घेतलं.

इरकल खुंटीला आहे. घडी मोडलेली नाही.

अक्का

ता. १७ सप्टेंबर

महारुद्र,

आज मुक्तिसंग्राम दिन. धाराशिवच्या झेंडावंदनात तुला टीव्हीवर पाहिलं. फेटा छान बांधला होता. निजामाच्या जुलमावर बोललास आणि मराठवाड्याचा माणूस कुणापुढं वाकत नाही म्हणालास. त्याच वेळी इकडं जुन्या गावात जेसीबी आला होता.

मला अमरदीपनं बोलावून नेलं. मच्छिंद्रदादाचा मुलगा, तू ओळखतोस, तुझ्या दोन निवडणुकांत त्यानंच वस्तीचे बूथ सांभाळले. मी पोचले तेव्हा दादा आपल्या उंबऱ्यावर बसला होता. आता त्याला धड चालवत नाही, काठी शेजारी टाकलेली. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. नुसता बसला होता, दर वर्षी बसतो तसा. सरपंच हात जोडून म्हणत होता, दादा उठा, वरून दट्ट्या आहे. दादा म्हणाला, "म्या कुठं काय म्हणतो? मशीन येऊ दे. म्या हितं बसलोय."

मग चौघांनी त्याला उचललं. ज्या माणसानं तुझ्या बहिणीला मातीतून हातानं उपसून काढलं, त्याला पोत्यासारखं काखेत धरून बाजूला नेऊन ठेवलं. अमरदीप मोबाइलवर चित्र घेत होता, त्याचा मोबाइल हिसकावला. मी मध्ये गेले तर मला म्हणाले, अक्का, तुम्ही साहेबांच्या बहीण, तुम्ही सावलीत बसा. खुर्ची आणली माझ्यासाठी. लाथ मारली मी त्या खुर्चीला. या वयात पाय दुखला, पण मारली.

वस्तीचे सगळे उंबरे तासाभरात निघाले. वर मुरूम पसरला.

संध्याकाळी मी दादाकडं गेले. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. मीच बोलत राहिले, तुझ्याबद्दल नको नको ते बोलले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अक्का, तुम्हाला म्या काढलं. तुमच्या भावाला कुणी काढलंच न्हाय. त्यो अजून आतच हाय."

मी तेव्हापासून तेच वाक्य घेऊन बसलेय. तुझा राग येतो आणि मध्येच ते वाक्य आठवतं, मग जास्त राग येतो.

वैजनाथला आज तुझ्या संस्थेच्या ऑफिसात बोलावलं होतं. सुटीच्या दिवशी. नीट वागवलं, बिस्किटं दिली आणि म्हणाले, तीस तारखेला आईसाहेब स्टेजवर शांतपणे बसतील ना, एवढं बघा. घरी येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, माझ्याकडं न बघता बोलला. "आई, तू नुसतं बस. माझ्या लेकराबाळांचं पोट हाय त्याच्यावर." माझ्या मुलाला तू नोकरी दिलीस हे मी कधी विसरले नाही. पण ती नोकरी माझ्या तोंडाला कुलूप लावायला दिली होतीस हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी येईन. स्टेजवर बसेन. एवढंच सांगते.

अक्का

ता. १ ऑक्टोबर

महारुद्र,

काल तू समोर होतास आणि मी समोर होते, तरी आज पत्र लिहावं लागतंय. कारण काल तू जे उत्तर दिलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

इरकल मी सकाळीच नंदीशच्या गाडीत ठेवून दिलं होतं. रोजच्या लुगड्यात आले. तू मला वाकून नमस्कार केलास, कॅमेरा आला, मी बसले. समृद्धीनं भाषण केलं. टाळ्या पडल्या, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. मग निवेदकानं विचारलं, अक्का दोन शब्द बोलणार का? ते त्याच्या कागदावर नव्हतं, उत्साहात बोलून गेला. नंदीश खालून मान हलवत होता. मी उठले. वैजनाथ तिसऱ्या रांगेत होता. त्यानं डोळे मिटून घेतले ते मला दिसलं.

मी काही फोडणार नव्हते. मी तुला फक्त विचारलं. म्हटलं, महारुद्र, तू त्या ढिगाऱ्यात आईच्या शेजारी होतास म्हणतोस, तर या सगळ्यांना सांग, आईचा शेवटचा शब्द काय होता?

मला वाटलं होतं, तू अडखळशील. एवढ्यासाठीच मी आले होते. वाटलं, आईचं नाव काढल्यावर तरी पोरगं थांबेल, गप्प बसेल. तू गप्प बसला असतास तर मी तुला तिथंच माफ केलं असतं, आईशपथ केलं असतं.

तू क्षणभरही थांबला नाहीस. माईक हातात घेतलास, आवाज जरा ओला केलास आणि म्हणालास, "आई म्हणाली, लेकरा, गोरगरिबांना विसरू नको."

केवढ्या टाळ्या. सरपंचानं वाजवल्या. दादाला उचलणाऱ्या त्या चौघांनी वाजवल्या. ज्यांना सगळं ठाऊक आहे अशा आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही वाजवल्या. मी खाली बसले आणि मला कळलं की हे सगळे तुला घाबरून टाळ्या वाजवत नाहीत. त्यांना आता खरंच फरक पडत नाही. हे तू केलंस. रस्ता, पूल, दवाखाना ते सगळं एक दिवस कुणीतरी नीट बांधेल. हे कोण नीट करणार?

आता खरं काय झालं ते वाच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ते आईचं होतं.

पहाटेचा अंधार होता. माझ्या छातीपर्यंत माती, आईचा आवाज हाताच्या अंतरावर, पण तिच्यावर तुळई. वर कुणाची तरी चाहूल लागली. आम्ही ओरडलो. आणि वरून आवाज आला, "बाई, आत येऊ का?"

तो मच्छिंद्रदादा होता. भिंत नव्हती, दार नव्हतं, माळवद आमच्या अंगावर होतं. तेवढा उंबरा उभा राहिला होता, आणि तो त्या उंबऱ्याच्या अलीकडं थांबून परवानगी मागत होता. कारण जन्मात तो तिथून पुढं आला नव्हता, आपण येऊ दिला नव्हता. आई रडायलाच लागली. म्हणाली, "ये रं बाबा. ये." मग तो आला. आईनं सांगितलं, पोरीला आधी काढ. तो उपसत राहिला आणि आई मध्ये मध्ये विचारत राहिली, म्हारुद्र कुठाय? म्हारुद्र कुठाय? तू कुठं आहेस हे त्याला काय माहीत? पण तो म्हणाला, "हितंच हाय बाई, तुमचाच लेक उकरतोय."

आई एकदम शांत झाली. जरा वेळानं म्हणाली, "हळू उकर म्हनावं. हाताला लागंल."

एवढंच. मग तिचा आवाज आला नाही.

तर हा शेवटचा शब्द. गोरगरीब नाही, सेवा नाही. तुझ्या हाताला लागेल म्हणून ती जाताना काळजी करत होती, आणि वर नखं तुटत होती दुसऱ्याचीच. त्या रात्री आपल्या घरात एकच खोटं बोललं गेलं, ते मच्छिंद्रदादानं, एका मरणाऱ्या बाईला सुखानं जाता यावं म्हणून. त्यानं ते परत कधी कुणाला सांगितलं नाही, त्यावर मतं मागितली नाहीत. आणि तू काल ज्या वाहनतळावर गाडीतून उतरलास, तिथं त्याचा उंबरा होता.

कार्यक्रम संपून तुझ्या गाड्या गेल्यावर आम्ही त्या मुरुमावर गेलो. वस्तीतले सगळे आणि मी. खुणा काही राहिल्या नव्हत्या. दादानं काठी टेकत टेकत एक जागा धरली आणि बसला. मी यंदा आपल्या उंबऱ्यावर गेले नाही, तिथं तुझा दगड आहे. दादाच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. समृद्धी शोधत शोधत आली. हातात भाषणाच्या बक्षिसाचा कप होता. बराच वेळ उभी होती, मग बसली आणि हळूच विचारलं, "आज्जी, पणजी खरं काय म्हणाली व्हती?" मी दादाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, तेव्हा सांगितलं.  तिनं भाकरीचा एक तुकडा मोडून मुरुमावर ठेवला. कप तिनं टाकला नाही, घरी घेऊन आली. पण तो अजून कपाटावर ठेवलेला नाही.

वैजनाथला आज सकाळी फोन आला, सोमवारपासून येऊ नका. तो माझ्याशी बोलत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार. सूनबाईनं मात्र मला चहा आणून दिला.

आशीर्वाद उरलेत का ते बघत होते. एक उरलाय, तुझ्या हाताला कधी लागू नये. तो आईचा आहे, माझा नाही, म्हणून पोचता करते.

माझं दार तुला बंद नाही. पण येशील तेव्हा गाडी लांब ठेव, नंदीशला लांब ठेव, आणि सरळ आत शिरू नकोस. उंबऱ्याच्या अलीकडं थांब, आणि मच्छिंद्रदादानं विचारलं होतं तसं मला विचार, आत येऊ का.

तुझी अक्का